आगरातल्या घरात विकतचं मीठ

मुलुंडच्या मिठागरात चौदा वर्षं डोक्यावर मिठाची टोपली वाहिली मी, या शांताबाईनं. बहात्तरच्या दुष्काळात जळगावकडून आलो, तेव्हापासून. माझ्या घरात विकतचं मीठ? छे! मुकादम घरापुरतं मीठ नेऊ द्यायचा. अख्खी आळी माझ्याकडून वाटीभर मागून न्यायची, मी कधी नाही म्हटलं नाही. गरिबाला मिरवायला काहीतरी लागतं ना? माझं ते होतं.

मग माझ्या खंडूची बायको घरात आली. चंपा. सातपुड्याच्या पायथ्याची. अंगानं बारीक, कामाला वाघीण, पण गळ्याला लिंबाएवढी गाठ. विचारलं तर म्हणाली, "आमच्या गावात निम्म्या बायकांना आहे, आत्या." शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तिला तिसरा महिना लागला. सदा दमलेली, भर उन्हात थंडी वाजायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासलं, रोजची एक गोळी दिली. वर सांगितलं, पुडीतलं आयोडीनचं मीठ खायचं, आगरातल्या मिठात ते पुरेसं नसतं. आईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाचा मेंदू नीट वाढत नाही, कानही जातात म्हणे.

"गोळी घे," मी ओरडले, "पण मीठ? सासू मीठ वाहून वाहून टकली झाली आणि सुनेला वाण्याचं मीठ! लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

 दुसऱ्या दिवशी चंपा पुडी घेऊन आली, बरणीत ओतली आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून बरणी स्टोव्हशेजारी ठेवली.

मग मी काय केलं ते सांगते. लाज वाटते, तरी सांगते. ती नळावर गेली तशी मी बरणी मोरीत रिकामी केली, आमचं मीठ पाट्यावर बारीक वाटलं आणि तिच्यात भरलं. म्हटलं, हिला काय कळणार! पण पुडीतलं मीठ कोरडं राहतं, आगराचं हवेनं पाझरतं. चौदा वर्षं बघितलेलं, नेमकं तेच विसरले. तिसऱ्या दिवशी बरणीच्या तळाला पाणी सुटलं.

चंपा ती बरणी घेऊन थेट आगरात आली. भर दुपारी, सगळ्या बायका टोपल्या भरत होत्या. वाटलं, आता ही माझी अब्रू काढणार. काढलीच!

"आत्या, माझा भाऊ बळवंत बावीस वर्षांचा आहे. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. आई अजून घास भरवते त्याला. गावात असे सात जण आहेत. माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलंय. तुम्ही मारा, घराबाहेर काढा, मी हे मीठ खाणार नाही म्हणजे नाही!"

आणि बरणी माझ्या पायाशी उपडी केली.

 मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रागानं हात शिवशिवत होता, आणि एकदम तिची आई डोळ्यांसमोर आली. लग्नाच्या पंगतीत एका दाढीवाल्या पोराला भात भरवत बसली होती. मला तेव्हा गंमत वाटली होती. हसले होते मी, देवा!

टोपली तिथेच टाकली. वाण्याकडून पुडी आणली, आणि पदराखाली नाही लपवली. हातात उंच धरून आगराच्या बांधावरून, सगळ्यांच्या समोरून निघाले.

माझ्या जोडीला काम करणारी सुगंधा फिदीफिदी हसली. "काय गं शांते, आगरातलं मीठ संपलं वाटतं?"

"संपलं नाही. माझ्या नातवंडाला पुरत नाही. जा, गावभर सांग!"

ऑगस्टात मुलगी झाली, नीला. तीन महिन्यांची असताना एकदा माझ्या हातून त्या बरणीचं झाकण फरशीवर पडलं, ठणकन. पाळण्यातली पोरगी दचकली आणि तिनं भोकाड पसरलं. चंपा बाहेरून धावत आली, "काय झालं, आत्या?"

मी पोरीला उचललंसुद्धा नाही. झाकण घेतलं आणि पुन्हा एकदा आपटलं.