वखारीवरचा वर्ग

पुण्याहून बेळगावच्या गाडीत या वेळी मी एकटा बसलो. गेली तीन वर्षं महिन्यातला एक रविवार लीया आणि मी या प्रवासात घालवत होतो. आमच्या बेने इस्राएल ज्यू समाजात मोठ्या माणसांसाठी शास्त्राचे वर्ग चालतात. ज्यांना लहानपणी प्रार्थना पाठ झाल्या पण अर्थ कळायचा राहून गेला, अशांसाठी. बेळगाव आणि निपाणीचे वर्ग आम्हा नवराबायकोकडे होते. कागदोपत्री दोघेही शिक्षक. प्रत्यक्षात शिकवायची ती, आणि मी कोपऱ्यात बसून टिपणं काढायचो.

लीयाला जाऊन चार महिने झाले होते. पुण्याच्या संयोजकांनी सांगितलं, दोन्हीकडची पुस्तकं परत आणा, वर्ग बंद करू. मलाही ते पटलं होतं. मी बोलणारा माणूस नाही.

बेळगावात सकाळी उतरलो तेव्हा हवेत गारवा होता. शहापुरात गेलो. रविवार असूनही एकदोन घरांत माग चालू होते, त्यांची खटखट बोळाच्या तोंडापासून ऐकू येत होती. इथले विद्यार्थी नोकरीपायी गाव सोडून गेल्यामुळे वर्ग आधीच थांबला होता, आणि पुस्तकं शेजारच्या विणकर कुटुंबाकडे ठेवलेली होती. त्या घरच्या काकूंनी पिशवी आणून दिली आणि माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"बाई आल्या न्हाईत व्हय?"

"नाही."

"त्यांना सांगा, निळ्या काठाची उतरलीय मागावरनं. बघून जावा म्हणावं."

मी मान हलवली. पिशवी खांद्याला लावून बाहेर पडलो.

बाजारात पावशेर कुंदा (दूध आटवून केलेली तपकिरी मिठाई) घेतला आणि स्टँडवर आलो. बसवरच्या पाट्या कानडीत. लीयाने पहिल्याच वर्षी कानडी अक्षरं शिकून घेतली होती, त्यामुळे मला कधी वर बघावं लागलं नव्हतं. नेहमीच्या फलाटावर उभी होती त्या बसमध्ये चढलो. तिकीट काढताना निपाणी म्हटलं, तेव्हा कंडक्टरने माझ्याकडे नीट पाहिलं.

"ही चिकोडीची हो, सर. चढताना इचारलं न्हाय कुणाला?"

"नाही."

"तोंड हाय की. इचारायचं." मग त्यालाच माझी दया आली असावी. "असू दे. चिकोडीत बदला. निपाणीच्या लई गाड्या हाईत."

चिकोडीच्या स्टँडवर पाऊण तास थांबलो. पुढचा रस्ता उसातून आणि तंबाखूच्या रानांतून जातो. तंबाखूचं पान इतकं रुंद आणि हिरवंगार असतं, की त्याचा पुढे धूर होणार आहे हे खरं वाटत नाही.

निपाणीला पोचायला चार वाजले. वर्ग तीनचा. तो भरतो बाबगोंडाअण्णांच्या तंबाखूच्या वखारीवरच्या खोलीत. अण्णा जैन, शेतकरी आणि व्यापारी. जागा त्यांनी आपणहून दिली, आणि जेवणही त्यांच्याच घरचं. आमच्यात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. जैन स्वयंपाकघरात तो प्रश्नच येत नाही, त्यामुळे निर्धास्त जेवता येतं. फक्त जेवण दिवस मावळायच्या आत.

जिना चढताना वासाने शिंका आल्या. वर पाचही विद्यार्थी आपापल्या जागी होते. एस्तेरआक्का, निवृत्त नर्स, सगळ्यांत थोरल्या. शेजारी त्यांचे भाऊ अब्राहमअण्णा. त्यांची चार एकर उसाची शेती आहे.

"उशीर झाला. चुकीच्या बसमध्ये बसलो," मी म्हणालो.

"हुतं तसं," अब्राहमअण्णा म्हणाले, आणि उसाबद्दल बोलू लागले. तोडणी लांबली, तुरा आला, तोडकऱ्यांची टोळी दुसऱ्याच्या रानात गेली. आक्कांनी पाणी दिलं. कुंदा फिरला. लीयाचं नाव कुणी काढलं नाही. चार महिन्यांत इथून एक फोनही आला नव्हता. तेव्हा मी म्हटलं होतं, लांबची माणसं आहेत. आता समोरासमोर बसूनही ऊसच चालला होता, ते मला फार लागलं.

मी एकदाचं सांगून टाकलं. वर्ग बंद होतोय, पुस्तकं न्यायला आलोय.

ऊस थांबला. आक्का उठल्या, कपाटातली पुस्तकं काढून त्यांनी माझ्यासमोर रचली आणि पुन्हा जागेवर बसल्या. डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात बाबगोंडाअण्णा भाकरीची दुरडी घेऊन वर आले. ती खाली ठेवून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "सर, बाईंचं कळलं. लई वाईट झालं."

"अण्णा, गप बसा," आक्का दबक्या आवाजात म्हणाल्या. "सरांनी काढल्याबिगर तो विषय काढायचा न्हाय."

"का म्हणून?"

"बाईंनीच शिकवलंय. शेवटच्या वर्गात. दुःख ज्याचं, त्यानं आधी तोंड उघडायचं. तवर आपण नुसतं जवळ बसायचं."

तो धडा मीच लिहून घेतला होता. मी समोर रचलेल्या पुस्तकांच्या कडा जुळवत बसलो. कुणी घाईही केली नाही.

"आक्का," मी शेवटी म्हणालो, "तो नियम शिवापुरता. म्हणजे सुतकाचे पहिले सात दिवस."

"सातच?"

"सात."

"आनि आमी चार म्हैने फोन न्हाय केला. रोज हातात घिऊन खाली ठिवायची मी."

"मीबी तासभर उसावरच बोलत बसलो की," अब्राहमअण्णा म्हणाले.

"तुजं काय रं. तू एरवीबी तेच बोलतोस."

सगळे हसले, मीही हसलो. मग लीयाबद्दल ते बोलले आणि मी बोललो. भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाता खाता आक्कांनी विचारलं, "सातानंतर मग काय असतं, सर?"

मी तीस दिवसांचं सांगितलं. मग वर्षाचं. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. बाबगोंडाअण्णा पायरीवर बसून ऐकत होते. बाहेर दिवस मावळला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मघापासून मी शिकवतो आहे. पुस्तकं ज्याची त्याने कधीच उचलून घेतली होती.

निघताना अब्राहमअण्णांनी विचारलं, "मग फुडल्या म्हैन्यात?"

"तिसऱ्या रविवारी," मी म्हणालो. "तीन वाजता."

पुण्याला परतल्यावर संयोजकांना फोन केला. निपाणीची पुस्तकं वापरात आहेत, म्हणून आणली नाहीत, असं सांगितलं. शिकवणार कोण, त्यांनी विचारलं. मी आहे, म्हणालो. ते बरं म्हणाले.

आमच्या घरी त्या सात दिवसांत खूप माणसं येऊन गेली. सगळी चांगली माणसं, पण बहुतेकांनी चपला काढता काढताच बोलायला सुरुवात केली होती. मीही आजवर लोकांच्या घरी असाच बोलत आत गेलो असणार. नियम माझ्या वहीत नीट अक्षरात लिहिलेला होता. निपाणीच्या माणसांनी तो पाळला, आणि मुदत ठाऊक नव्हती म्हणून जरा जास्तच दिवस पाळला.