दिव्यावर येणारे भुंगेरे

माझी मामी काज-बटणं करायची. शिंपीदादाकडून शर्टांचा गठ्ठा आला की दारातल्या खुर्चीत बसून तिची सुई सुरू व्हायची आणि सुईबरोबर तोंडही. ऐकायला समोर गुलाब असायचे. फाटकापासून पायरीपर्यंतच्या चिंचोळ्या पट्टीत मामांनी ते लावले होते. कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला फुलांचं हे वेड कुठून लागलं, देव जाणे. "हे त्या कळीकडे जसं बघतात ना, तसं माझ्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नाही," असं मामी आल्यागेल्याला सांगायची.

मग मामा विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसं. मी त्यांची सख्खी भाची, पण मला ते शेजारीण समजायचे. संध्याकाळ झाली की त्यांना दुसऱ्या पाळीला जायचं असायचं, आणि कारखाना तर कधीच बंद पडला होता. मामीने कुलूप लावून पाहिलं, तेव्हा दारावर मुठी आपटून त्यांनी हात रक्तबंबाळ करून घेतले. शेवटी तिने त्यांना जाऊ द्यायला सुरुवात केली. दुखरे गुडघे घेऊन ती जमेल तेवढी मागे चालायची. आसपासच्या गल्ल्या फिरून मामा परत यायचे, फाटकाशी थांबायचे आणि म्हणायचे, "हां, हे आपलं. दिवा आहे, गुलाब आहेत." घराच्या एवढ्या दोनच खुणा त्यांच्याजवळ उरल्या होत्या.

म्हणून फाटकावरचा पांढरा झगझगीत दिवा मावळतीपासून उजाडेपर्यंत जळायचा. मामा कधी उठून चालू लागतील याचा नेम नव्हता.

त्या दिव्यावर भुंगेरे यायला लागले. तांबूस, टणक पाठीचे, भिंतीवर टपटप आपटणारे. पानांची चाळण झाली. मामी तिन्हीसांजेला झाडाखाली जुनी चादर अंथरायची, फांद्या हलवायची आणि खाली पडलेला एकेक भुंगेरा चिमटीत धरून साबणाच्या पाण्यात टाकायची. "मेल्यांनो, जेवायला बोलावलं होतं का कोणी?" असं प्रत्येकाला विचारून घ्यायची. बादल्या भरत होत्या, तेव्हा मलाही वाटलं होतं, संपतील कधीतरी.

एका सकाळी मोठा लाल गुलाब मान टाकून उभा दिसला. मामीने बुंध्याला हात लावला, तर झाड अलगद वर आलं. खाली मुळंच नव्हती. मातीत पांढऱ्या, लठ्ठ अळ्या अंगाचं वेटोळं करून पडल्या होत्या.

नर्सरीवाला आला. त्याने खुरप्याने माती उकरली आणि कपाळाला हात लावला. "हुमणी आहे, मामी. त्या भुंगेऱ्यांचीच पिल्लं. आईबाप वर पानं खातात, पोरं खाली मुळं."

"मग औषध दे की."

"अळ्या मारणाऱ्या बुरशीची पावडर देतो, शेणखतातून घाला. पण तिला वेळ लागतो. आधी हा दिवा बंद करा. अंधार पडल्यावर तासभर लावा, खाली पाण्याचा टब ठेवा आणि विझवून टाका. रात्रभर जळतोय म्हणजे सगळ्या गल्लीचे भुंगेरे तुम्ही बोलावताय. टबात पडतात थोडे, बाकीचे इथेच अंडी घालतात."

"दिवा बंद होणार नाही."

"निदान पिवळा तरी लावा, त्यावर कमी येतात."

पिवळा लावून झाला. त्या संध्याकाळी मामा फाटकावरून सरळ पुढे निघून गेले. आमचा दिवा पांढरा आहे, म्हणाले. मामीने पांढरा परत लावला.

मी चिडले. "मामी, झाडं गेली तर ओळखणार कशावरून ते?"

"आणि अंधारात गुलाब दिसतात का गं?" ती म्हणाली. "दिवा गेला तर दोन्ही खुणा गेल्या."

तिचं खोटं नव्हतं आणि माझंही. असा राग फार वाईट, कोणावर काढणार?

मग ती हट्टाला पेटली. रोज माती खणायची, अळ्या वेचायची, पावडर मिसळायची. काजं उशिरा जायला लागली आणि शिंपीदादाची बोलणी खावी लागली. नवी रोपं आणली, तीही आतून पोखरली गेली. अखेर पट्टीत नुसती भुसभुशीत माती राहिली.

त्या दिवशी मी तिथेच होते. दिवेलागणीला मामा फिरून आले आणि फाटकाशी थांबले. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं, मग खाली मातीकडे. बराच वेळ पाहत राहिले.

"दिवा आमच्याकडच्यासारखाच आहे," ते म्हणाले. "पण आमच्या दारात गुलाब आहेत." आणि वळले.

मामी धापा टाकत मागून पोचली होती. तिने त्यांचा हात धरला. मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, खरंच आपलं नाही हे. पण उशीर झालाय. आजचा दिवस इथे टेकू या का?"

मामांनी तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं. "घरच्या माणसांना चालेल का?"

"विचारते," मामी म्हणाली. फाटक उघडून ती आत गेली आणि काळोख्या खोलीत तोंड घालून, मामांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागली, "आहे का हो कोणी?"