गोजाबाईंना न जमलेली पाठराखण

महाळुंग्याच्या गोजाबाई फार मानी, असं सगळा गाव म्हणे. जमिनीवर कंपनी आली, दारात भाड्याच्या खोल्या झाल्या, तेव्हापासून बाई कुणाच्या घरी टेकत नाही. खरी गोष्ट एवढीच, की शेवटच्या बाळंतपणापासून खोकला-शिंक आली की त्यांना लघवी सुटायची. बाहेर जायचं तर सकाळपासून त्या पाण्याचा घोट घेत नसत.

आठ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीनं, सोजराबाईनं, आपल्या थोरल्या लेकीची पाठराखीण म्हणून त्यांचं नाव घेतलं. नवरीसोबत सासरी जायचं, दोन रात्री तिच्याजवळ निजायचं. मावशीचा मानच तो. परक्याची गादी ओली झाली तर? गोजाबाई भर मांडवात "मला जमायचं न्हाई" म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. बहिणींचं बोलणं तिथंच तुटलं.

गेल्या वर्षी त्यांची भाडेकरू दीपमाला, लातूरकडची, कंपनीत कामाला, उताणी पडून बोटांवर आकडे मोजताना दिसली.

"काय मोजतीस गं?"

तिनं लाजत सांगितलं, तिलाही तोच त्रास होता. भोसरीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं होतं. लघवी रोखतो तसे खालचे स्नायू आत ओढायचे, श्वास न कोंडता पाच आकडे धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. "आन् पाणी तोडायचं नाही, आजी."

गोजाबाईही त्या बाईंना दाखवून आल्या. चौथ्या महिन्यात त्यांना सणसणीत शिंक आली आणि लुगडं कोरडं राहिलं. त्या हसल्या नाहीत. "तीस वरसं," एवढंच म्हणाल्या.

सोजराबाईच्या धाकटीचं, पूनमचं लग्न ठरल्याचं कळताच त्या आपणहून गेल्या.

"पूनमची पाठराखीण मी जाते."

"आता कोन जातंय? पोरं हॉलवरनंच वाकडच्या फ्लॅटवर जानार."

गोजाबाईंनी सोजराबाईच्या सुनांना बाहेर पाठवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"आठ वरसं लागली व्हय आक्का, कारन हुडकायला?"

"आईची आन, सोजा."

"मग आता कशानं बरं झालं?"

"व्यायामानं."

"व्यायामानं!" सोजराबाई हसली. "मी येवढी खुळी न्हाई."

लग्नाला थोरल्या बहिणीला मूळ लावतात, म्हणजे घरचं माणूस आणायला पाठवतात; नुसती पत्रिका परक्याला. सोजराबाईनं गठ्ठ्यातली एक पत्रिका काढली, तिच्यावर गोजाबाईंच्या नवऱ्याचं नाव घातलं, 'नानासाहेब व परिवार', आणि बहिणीच्या हातात दिली.

"टायमावर या," ती म्हणाली.