तांडेलाची नक्कल आणि तीन फोन

घरातल्या ड्रॉवरात जुने चार्जर साठतात ना, तसे हे किस्से साठले आहेत. कुठला कोणत्या फोनचा ते आठवत नाही, आणि टाकायलाही हात धजत नाही. आमच्या गोव्यातल्या हळर्णच्या नाटक मंडळात कॉम्प्युटर आणि मोबाइल यांवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी भूमिका वाटताना कधी झाली नाहीत. मी हायस्कुलातला निवृत्त क्लार्क, मंडळाचा सेक्रेटरी. टाइपिंग मला येतं म्हणून या सगळ्यात माझा हात आहे. एका ठिकाणी तर फक्त माझाच आहे.

*

मंडळासाठी कॉम्प्युटर घ्यायचा ठरला तेव्हा दोन पक्ष पडले. पंचायतीत कामाला असलेला प्रदीप म्हणाला, सुटे भाग आणून जोडलेलाच घ्यायचा, उद्या बिघडला तर एकेक भाग बदलता येतो. सुभाषचं म्हणणं, घ्यायचा तर नामांकित कंपनीचा लॅपटॉप, नाहीतर घेऊच नये. सुभाषला सगळं भारी लागायचं. महिना महिना दोघं एकमेकांना माहितीपत्रकं दाखवत होते.

शेवटी आमचे मास्तर म्हणाले, जो उलट बोलणार नाही तो आणा. मास्तर म्हणजे आमचे नाटककार. ऐंशी ओलांडलेली, काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. त्यांचा शब्द अखेरचा.

जोडलेला स्वस्त पडत होता, प्रदीप जिंकला. डिचोलीहून कॉम्प्युटर आणला तो सुभाषच्याच ट्रकमधून. खाणी बंद होत्या आणि ट्रक अंगणात गंजत होता. खनिज वाहणाऱ्या त्या दहा चाकांच्या धुडात मधोमध एक खोका ठेवून आम्ही हळर्णला आलो. त्या वर्षी त्या ट्रकाने वाहिलेला तेवढाच माल. सुभाष वाटभर हसत होता. पुढच्या महिन्यात त्याने ट्रक विकला आणि मोरजीला पर्यटकांची गाडी चालवायला लागला.

*

मास्तरांची नाटकं मी टाइप केली. वह्या वाळवीने खाल्लेल्या, शाई उडालेली. मी मास्तरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कॉम्प्युटरात गेलं की वाळवीची भीती नाही. मास्तरांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि वह्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. दोन दिवस त्यावर आंघोळीचं पाणी तापलं.

आमच्याकडे पूर्ण नाटक कुणालाच देत नाहीत. प्रत्येकाला त्याची नक्कल, म्हणजे त्याची वाक्यं आणि समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. मास्तरांचा हा जुना नियम. सगळ्यांना सगळं दिलं तर प्रत्येक जण नाटक सुधारायला बसतो, असं ते म्हणायचे. त्यामुळे आख्खं नाटक फक्त त्या यंत्रात.

*

मोरजीच्या एका रशियन गिऱ्हाइकाचा फोन बघून सुभाषने तसलाच घेतला. महागडा, चेहरा बघून उघडणारा. माझ्या बटणांच्या फोनकडे तो कीव आल्यासारखा बघायचा.

‘तांडेलाचं घर’ या मास्तरांच्या नाटकात सुभाष तांडेल व्हायचा, म्हणजे बोटीचा नाखवा. अंक संपला की तो बायकोला, सुलभावहिनींना, फोन करायचा, आवाज शेवटपर्यंत येतोय का विचारायला. त्या बायकांच्या शेवटच्या रांगेत बसायच्या. पण दाढी चिकटवलेली, तोंडाला काळा रंग. फोन काही त्याला ओळखेना. घाईत कुलपाचे आकडेही चुकायला लागले. मीच तो, असं सुभाष त्याला समजावत होता, "हांव रे! हांवच!"

शेवटी माझ्याच फोनवरून बोलला. जवळपास प्रत्येक प्रयोगाला हेच. दाढी काढल्याशिवाय त्याचाच फोन त्याला घरात घेत नसे. आम्ही काय हसायचो!

*

गेल्या चैत्रात सुभाष गेला. मोरजीला गाडी सावलीत लावून गिऱ्हाइकाची वाट बघत बसला होता, तो बसल्याजागीच. पुढचं सगळं प्रदीपने बघितलं.

घरून उचलायच्या आधी एका नातेवाइकाने हळूच सुचवलं, फोन जरा त्याच्या तोंडासमोर धरून बघा, आत महत्त्वाचं काही असेल. सुलभावहिनींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो मागे सरला. तांडेलाच्या नकलेचे कागद मात्र वहिनींनी आतून आणले आणि सुभाषच्या छातीवर ठेवले. ते त्याच्याबरोबर गेले.

नंतर प्रदीप तो फोन घेऊन धारगळच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. वहिनी म्हणाल्या, "रितो घेवन किदें करूं? बंदच आसूंदे." तो फोन आजही त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी असतो. त्या तो चार्जही करतात.

तेव्हापासून कुणी मला भारी फोनचे फायदे सांगायला लागलं की मी उठून जातो. माझ्या फोनला कुलूप नाही. उद्या मी गेलो तर कुणालाही उघडता येईल. आत काही नसेल, ते वेगळं.

*

आता माझा हात.

खंडेनवमीला आम्ही मंडळाची पेटी, तबला, तलवारी सगळं पुसून पूजेला मांडतो. कॉम्प्युटरही मांडायचा होता. प्रदीप कधीचा मागे लागला होता, जुनं सॉफ्टवेअर चोरीचं आहे, फुकट मिळणारं नवं घाल, त्याला व्हायरसही लागत नाही. मला वाटलं, पूजेला बसवायचा तर आतूनही स्वच्छ असावा. चोरीच्या वस्तूला फूल कसं वाहायचं?

नाटकं आधी पेन ड्राइव्हवर घेतली. पडद्यावर नाटकांच्या नावांची जी चित्रं दिसत होती, ती ओढून टाकली. एका सेकंदात सगळी गेली. एवढ्या झटपट गेल्याचं मला कौतुकच वाटलं. मग नवं सॉफ्टवेअर घालायला घेतलं. त्याने विचारलं, जुनं सगळं पुसायचं का? मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दसऱ्यानंतर पेन ड्राइव्ह उघडला. त्यात नुसते शॉर्टकट होते, नाटकापर्यंत नेणाऱ्या वाटा. जिथे न्यायचं ते घर मी आधीच मोडलं होतं.

मास्तरांना सांगायला मी एकटा गेलो. त्यांनी विचारलं, "तांडेलय गेलो?" तोही गेला, म्हणून मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा.

यंदाच्या जत्रेला ‘तांडेलाचं घर’ करायचं ठरलेलं होतं. मास्तरांची तेवढीच मागणी होती, एकदा शेवटचं ऐकायचंय. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी परत लिहून घेतो. मास्तर म्हणाले, "लिवलां काय माका उरना मरे. म्हणान तर लिवतां." एकदा लिहिलं की त्यांच्याजवळ काही उरत नसे, म्हणूनच तर ते लिहीत.

*

मग प्रदीपने युक्ती काढली. ज्याला जी भूमिका, त्याने ती पाठ म्हणून आपापल्या फोनवर रेकॉर्ड करायची आणि ग्रुपवर टाकायची. त्यावरूनही वाद झाला, कुणाच्या फोनचा आवाज स्वच्छ. नाटकात सून झालेला संतोष आता लंडनला गोदामात काम करतो. त्याने तिथून पाठवली. मागे लोखंडी गाड्यांचा खडखडाट, आणि हा आवाज दाबून मराठीत सासूला विनवतोय. ते ऐकून मला वाईट वाटलं. मी दोनदा ऐकलं.

सगळ्यांची वाक्यं आली. प्रदीपच्या फोनवर ऐकत मी ती क्रमाने लावली. मधे मधे कोरी जागा राहिली, पानापानावर. तांडेलाची.

*

प्रदीप हार मानणारा नव्हे. त्याच्या फोनमध्ये दोन दोन एआय. दोघांनाही त्याने कथानक सांगितलं आणि गाळलेल्या जागा भरायला लावल्या. एका मिनिटात दोघांची पानं तयार. एकाचा तांडेल सारखा रडत होता, दुसऱ्याचा सगळ्यांना उपदेश करत होता. कुठला एआय सरस, यावर प्रदीप मला अर्धा तास समजावत होता.

मास्तरांना दोन्ही वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भास बरी आसा. पूण हो तांडेल केन्नाच दर्यार वचूंक ना."

भाषा चांगली, पण समुद्रावर कधी न गेलेला तांडेल! प्रदीपने फोन खिशात घातला. इतका पडलेला चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता.

*

मग मी सुलभावहिनींकडे गेलो. खरं तर नुसतं विचारायला, जुना एखादा कागद राहिला आहे का. त्या ओट्यावर बसून अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा सोलत होत्या. कागद नाही म्हणाल्या. मी उठणार, तर त्यांनी विचारलं, "खंयसून जाय?"

कुठून हवं म्हणजे काय, मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. सुभाष रोज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नक्कल पाठ करायचा. समोरच्याची वाक्यं नसायची, म्हणून तेवढा वेळ तो थांबायचा. सात वर्षं त्यांनी ते ऐकलं होतं.

मी फोन काढून रेकॉर्डिंग चालू केलं. त्यांनी हातानेच बंद करायला सांगितलं. "तू लिव, भावजी."

त्या सांगत गेल्या. मान खाली, हात शेंगांत. जिथे दुसरं कुणी बोलायचं तिथे बरोबर तेवढ्या थांबत होत्या. तिसऱ्या अंकातलं सुभाषचं खाकरणंही त्यांनी सोडलं नाही. माझी बोटं दुखायला लागली. शेवटचा प्रवेश आला. तांडेल बोटीवर निघालाय, उंबऱ्यावर वळतो, बायकोला एक वाक्य बोलतो आणि जातो. तिथे पडदा.

वहिनी थांबल्या. मी वाट बघितली. मग म्हटलं, वहिनी, उंबऱ्यावरचं राहिलं.

"जाणां हांव," त्या म्हणाल्या. शेंगांची टोपली मांडीवरून बाजूला ठेवली. "तितकां माका आसूंदे."

मी वही मिटली. मास्तरांना यातलं काही सांगितलं नाही.

जत्रेला नाटक झालं. मास्तर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. शेवटी नवा तांडेल उंबऱ्यावर आला, वळला, बायकोकडे बघत उभा राहिला. मंडपात कुणी हललं नाही. मी मागे बायकांच्या रांगांकडे बघितलं. सुलभावहिनींचे ओठ हलत होते. तांडेल गेला, पडदा पडला.

मास्तर माझ्याकडे वाकले. "म्हटलां?"

"म्हटलं, मास्तर," मी म्हणालो.