सोमवारची दाढी

जुना ॲडजस्टेबल रेझर घ्यावा की नवा, असं मला कुणी विचारलं की मी सरळ विषय बदलतो. विचारणाऱ्याला वाटतं, न्हाव्याचा मुलगा, याला माहीत असणारच. माहीत आहे. दोन्ही माझ्या घरात आहेत. या रेझरवर आकडे असतात. आकडा वाढवला की पातं जास्त बाहेर येतं आणि दाढी घोटून होते, कमी केला की पातं आत राहतं आणि कातडी वाचते. यापलीकडे त्यात काही गौडबंगाल नाही. पण कुठला चांगला हे सांगायचं तर मला वडिलांबद्दल बोलावं लागतं, आणि त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, असं माझी बायको गेली वीस वर्षं सांगत आली आहे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. देवळाली कॅम्पच्या बाजारात त्यांचं तीन खुर्च्यांचं दुकान होतं. लष्करातले साहेब त्यांच्याकडे यायचे, बदली होऊन गेले की नव्या साहेबांना दादांचं नाव सांगून जायचे. मी त्या धंद्यात गेलो नाही. नाशिक रोडला एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. दादा त्यावर चांगलं बोलले नाहीत आणि वाईटही बोलले नाहीत. ते मुळात बोलायचेच कमी, आणि त्र्याण्णव साली आई गेल्यावर तर तेवढंही बंद झालं. जेवण वाढलं की जेवायचे, दुकानाची किल्ली घेऊन निघायचे.

तोवर माझी दाढी दुकानातला कारागीर करायचा. आई गेल्यानंतर महिनाभरात एका सोमवारी सकाळी दादांनी मागच्या ओट्यावर खुर्ची मांडली, वाटीत गरम पाणी घेतलं आणि मला म्हणाले, "बस." सोमवारी दुकानं बंद असतात, म्हणून तो वार. त्या दिवसापासून दर सोमवारी, कचेरीला जायच्या आधी, दादा माझी दाढी करू लागले. दोन बोटांनी हनुवटी वर करायची, वस्तरा कानापासून खाली आणायचा. बोलणं नाही. मी डोळे मिटून बसायचो. आईमागे त्या घरात मला कुणी हात लावत असेल तर तेवढाच, आणि मला तो पुरत होता. आमचे वडील बोलून दाखवत नाहीत, करून दाखवतात, असं मी चारचौघांत सांगायचो.

त्यांची एकच अट होती. "तुझ्या तोंडाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाय. आन् मशीनची दाढी तर नायच. ते खरवडणं हे." मशीन म्हणजे त्यांच्या भाषेत पातं घालायचा रेझर. मी ती अट देवाच्या शब्दासारखी पाळली. गुरुवार-शुक्रवारपर्यंत माझे गाल काळे पडायचे. कचेरीत लोक विचारायचे, "काय साहेब, सुतक आहे का?" मी त्यांना वस्तऱ्याच्या दाढीवर व्याख्यान द्यायचो.

दोन हजार एक साली माझा दिवाळसण झाला. सासुरवाडी नांदगावची. मेहुणा जहाजावर नोकरीला, तेव्हा सुट्टीवर आला होता. पाडव्याला त्यानं माझ्या हातात चामड्याचं एक छोटं पाकीट ठेवलं. आत जर्मनीतून आणलेला नवा ॲडजस्टेबल रेझर. "दाजी, तिथल्या दुकानदाराला सांगितलं, आमच्या दाजींचे वडील मोठे कारागीर आहेत, त्यांना शोभेल असा दे," तो म्हणाला. भाऊबीजेला सकाळी मी त्यानं दाढी केली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या चेहऱ्यावर पातं चालवत होतो. आकडा दोनवर होता. रेझर इतका जड की दाबावं लागत नव्हतं, आपल्याच वजनानं खाली यायचा. अट मोडली म्हणून मनात चोरटेपणा होता, पण गाल पुन्हा पुन्हा चाचपून बघत होतो हेही खरं.

घरी आल्यावर मी तो दादांना दाखवला. लपवायचं माझ्या जिवावर आलं. त्यांनी हातात घेतला, उलटा केला, खालची फिरकी अगदी सराईतपणे फिरवली आणि वरच्या टोकाकडे बघत राहिले. "याला दारं नायत?" त्यांनी विचारलं. कसली दारं, असं मी विचारलं नाही. कारागिराची नजर आहे, काहीतरी दिसलं असेल, एवढंच मला वाटलं. मग त्यांनी तो खाटेवर टाकला. "न्हाव्याच्या पोराला दिवाळसणात दाढीचं मशीन देत्यात. बाप मेला का तुझा? हा टोमणा हे. परत देऊन ये."

त्यात टोमणा नव्हता हे मला माहीत होतं. तरी मी पुढच्या रविवारी गाडीनं नांदगावला गेलो आणि दिवाळसणाची भेट परत केली. हे लिहितानाही मला लाज वाटते. सासूबाई बाहेर आल्या नाहीत. मेहुण्यानं पाकीट घेतलं. "मी तुम्हाला कमी लेखून दिलं नव्हतं, दाजी," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर चार दिवाळ्या बायको एकटी माहेरी गेली. ती मला टोचून बोलली नाही. फक्त निघताना पिशवी दारात ठेवून थोडा वेळ थांबायची, आणि मी वर्तमानपत्र वाचत बसायचो. मला वाटायचं, मी वडिलांचा मान राखतोय, आणि मान राखायचा तर काहीतरी सोसावंच लागतं.

दोन हजार सहा सालच्या पावसाळ्यात, एका शनिवारी दुपारी दादा ताप आला म्हणून दुकानातून लवकर घरी आले. आल्यावर लक्षात आलं की चष्मा तिकडेच राहिला. मला म्हणाले, "गल्ल्यात असंल, घेऊन ये." गल्ल्यात नव्हता. गल्ल्याखाली एक खण होता, त्याला एरवी कुलूप असायचं, आज किल्ली तशीच लटकत होती. त्यात चष्मा होता, आणि चष्म्याशेजारी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला रेझर. जुना, अमेरिकन, एक ते नऊ आकड्यांचा. चकती तीनवर होती. खालची फिरकी फिरवली तशी वरची दोन दारं फुलासारखी उघडली, आणि आत साबणाचा फेस होता. सुकलेला नव्हता. सकाळचा होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच घुमत होतं. म्हाताऱ्याचा लबाडपणा पकडला, आता जरा गंमत करू, अशाच तयारीनं मी घरात शिरलो. चष्मा आणि रेझर दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवले.

त्यांनी चष्मा चढवला आणि रेझरकडे बघितलं. "ओलाच राहिला का," म्हणाले.

"कधीपासून वापरताय?"

"तुझी आई गेली त्या सालापासनं. एक साहेब बदलून चालले होते, त्यांनी दिला."

"आणि वस्तरा?"

त्यांनी उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला. हात हलत होता. चहाचा कप असता तर निम्मा बशीत सांडला असता, इतका. तेरा वर्षं एका घरात राहून मी तो हात असा बघितला नव्हता. जेवताना ते ताटावर वाकून जेवायचे, ते म्हातारपणामुळे असं मी धरून चाललो होतो.

"सोताच्या गळ्यापाशी वस्तरा धरायला भ्या वाटतं," ते म्हणाले. "आरशात सगळं उलटं, त्यात हात असा. याच्यात आकडा कमी ठेवला की निभतं."

"आणि माझा गळा, दादा?"

त्यांनी पिवळं फडकं घेतलं, रेझर पुसायला लागले. "तुझं येगळं हे. तू हालत नाय. गिऱ्हाईक हालतं, खोकतं, बोलतं. सोमवारी तुझ्यावर हात बघून घ्यायचो. बरा चालला तर मंगळवारी दुकान उघडायचं. नाय चालला तर कंबर धरली सांगून बंद ठेवायचं."

"आणि मला लागलं असतं तर?"

"लागलं की दोन-तीन बारी. तू काय बोललास? घरचा बोलत नाय. परक्याला लागलं तर दुकान बुडतं."

हे त्यांनी रागानं किंवा शरमेनं सांगितलं नाही. धंद्यातली एखादी सोय समजावून सांगावी तसं सांगितलं. मग मी नांदगावच्या रेझरचं विचारलं, आणि तेही त्यांनी सांगून टाकलं. "तू घरीच करायला लागला असतास तर मी हात कशावर बघितला असता?" आणि वर, मी जणू सल्ला मागायला आलो होतो, अशा थाटात पुढे बोलत राहिले. "ते मशीन वाईट नव्हतं. वजन चांगलं होतं. पण त्याची टोपी निघती. बसवताना खूण चुकली की पातं तिरकं. याला दारं हेत, पातं आपोआप सरळ बसतं. फक्त आकडा फिरवायच्या आधी फिरकी सैल करायची, नायतर आतला आटा झिजतो." तेरा वर्षं रोज हाताळल्याशिवाय हे कुणाला कळत नाही. ज्या मशीनपायी मी सासुरवाडीचा अपमान केला, त्याची ही माहिती मी उभ्यानं ऐकत होतो. केसानं गळा कापणं म्हणतात. आमच्या घरी त्यासाठी वस्तरा होता.

मला दिवाळसणाचं दुःख नव्हतं, खरं सांगायचं तर. ते बायकोचं होतं, आणि तिनं ते त्या संध्याकाळी मला नीट ऐकवलं. मला दुःख सोमवारचं होतं. सहाशे-सातशे सोमवार मी डोळे मिटून ज्याला माया समजत बसलो होतो, ती हाताची तपासणी होती. हनुवटीखालची ती दोन बोटं मला स्थिर ठेवण्यासाठी होती. दुसरं काही नव्हतं.

सोमवारी ताप उतरला होता. दादांनी ओट्यावर खुर्ची मांडली. मला वाटलं होतं, आज तरी ते म्हणतील, राहू दे. "बस," म्हणाले. मी बसलो. पण डोळे मिटले नाहीत. वस्तरा हवेत होता तोवर हात हलत होता; गालाला टेकला आणि थांबला. अगदी थांबला. एक गाल झाला, दुसरा झाला, कुठे ओढ नाही की धक्का नाही. त्या दिवशी हात बरा होता. हे मीच सांगू शकतो, दुसरं कुणी तिथं नव्हतं. जबड्याखाली वस्तरा आला आणि मी मान हलवली. शिंक आली नव्हती, डास चावला नव्हता. हलवायची म्हणून हलवली.

रक्त बरंच आलं. दादांनी माझ्याकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. मग तुरटी लावली, भांडी उचलली आणि आत गेले. मंगळवारी त्यांनी दुकान उघडलं नाही. बुधवारीही नाही. महिनाअखेर खुर्च्या कारागिराला देऊन टाकल्या. गिऱ्हाइकांचे गळे वाचले, असं मी स्वतःला समजावलं. लोकांच्या गळ्यांची एवढी काळजी मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मधल्या एका रविवारी मी बायकोबरोबर नांदगावला गेलो आणि मेहुण्याची माफी मागितली. त्यानं कपाटातून पाकीट काढून दिलं. त्यानं तो वापरला नव्हता. मी तेव्हापासून तोच वापरतो. त्याची टोपी खरंच चुकीची बसते, रोज खुणेला खूण जुळवावी लागते.

खुर्च्या टेम्पोत चढवल्या त्या दिवशी संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आले. त्यांच्या हातात ते पिवळं फडकं होतं. "हा घे. तुझ्या नव्यापेक्षा बरा हे. मी आता समोरच्या दुकानात जात जाईन." ज्या माणसाच्या खुर्चीत साहेब बसायचे, तो आता दुसऱ्याच्या खुर्चीत बसणार होता. मग त्यांनी दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली आणि जबड्याखालची खूण बघितली. तेव्हा काही तपासायचं राहिलं नव्हतं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "हात गेलाय माझा. मला आधी कळायला पायजे होतं."

दादांनी कुणाची माफी मागितलेली मी कधी ऐकली नव्हती. मला हवी होती ती ही नव्हती. आणि ही तर त्यांनी मागायचीच नव्हती. मी हललो होतो, एवढंच वाक्य बोलायचं होतं. "असू द्या, दादा," मी म्हणालो आणि रेझर घेतला. पुढे चार वर्षं, म्हणजे जाईपर्यंत, ते समोरच्या दुकानात दाढी करून घेत राहिले, आणि धंदा का सोडला असं कुणी विचारलं की सांगत राहिले, "माझ्या हातनं पोराला लागलं, म्हणून सोडला."