चंद्राला मनाई

लग्नाचे हॉल सजवण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिच्या तोंडाला लागायची हिंमतही कुणात नव्हती. तारांगणाच्या थाटाची लग्नं ही तिची खासियत. छताला काळंनिळं कापड ताणायचं, सुईने त्याला बारीक भोकं पाडायची आणि मागून दिवे सोडायचे. खाली बसलेली माणसं माना वर करून जेवण विसरायची. मावशीचा नियम एकच: चंद्र टांगायचा नाही. "चंद्र आला की चांदण्यांची पार रया जाते," असं ती ठणकावून सांगायची. नवरीच्या बापाने कितीही गळ घातली तरी ती बधायची नाही.

आता लग्न घरचंच होतं. बहीण गेल्यापासून भाचीला मावशीनेच वाढवलं होतं. कापडाच्या गठ्ठ्यांवर लोळत मोठी झालेली ती पोर. लग्न मावशीच्या आकाशाखालीच करणार म्हणून हटून बसली. मावशी "हो" म्हणाली खरी, पण आतून हादरली. कारण वर्षभरापासून तिला मंद उजेडात दिसेनासं झालं होतं. उन्हात अजून सुई ओवायची, पण दिवे मंद झाले की सगळा काळोख. हे आता असंच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. जिला लहानाचं मोठं केलं त्या पोरीचं लग्न मावशीला स्वतःच केलेल्या अंधारात बसून नुसतं ऐकावं लागणार होतं.

आदल्या दिवशी दुपारी दारंखिडक्या बंद करून दिव्यांची चाचणी झाली. मावशी पहिल्या रांगेत बसली. भाची लग्नाचे कपडे घालून स्टेजवर चढली.

"मावशे, कशी दिसते गं?"

"थांब, डोळे भरून बघू दे."

कपडे जवळून दाखवावेत म्हणून भाची खाली उतरली आणि शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. गालिच्यावर तिचे पाय वाजले नाहीत. मावशी स्टेजकडेच बघत मान डोलावत होती.

"झकास! आता जरा वळ बघू. अगदी आईवर गेलीस गं!"

भाचीने तोंडावर हात दाबून धरला. मग हलक्या पावलांनी परत स्टेजवर गेली आणि तिथून म्हणाली, "वळले गं. मागून बरं दिसतंय ना?"

"दिसतंय की! माझीच दृष्ट लागायची."

लग्नाच्या संध्याकाळी मावशी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीत बसली. दिवे मंद झाले. "अहाहा, काय चांदण्या!" असं मागून कुणीतरी म्हणालं. मावशीने मांडीवर हात घट्ट धरले.

आणि स्टेजच्या वर भला मोठा पांढराशुभ्र चंद्र लागला.

मावशी ताडकन उठली. "कुणी टांगला हा? माझ्या चांदण्यांचं वाटोळं..."

पुढचं तोंडातच राहिलं. चंद्राखाली भाची उभी होती. तिचे डोळे, हनुवटीवरचा तीळ, आईसारखा दातांत धरलेला ओठ, सगळं दिसत होतं. तिचं नवऱ्याकडे लक्ष नव्हतं, पाहुण्यांकडेही नव्हतं.

"आता खरं सांग, मावशे. कशी दिसते?"

"नाकाला पावडर जास्त झालीय," मावशी म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली.