लांबच्या ग्रहावरचं मीठ

टेंभुर्णीच्या बसस्टँडसमोर माझं एसटीडी बूथ होतं, तेव्हाची गोष्ट. २००३ साल असेल. दर रविवारी सकाळी साळूमावशी यायची आणि माझ्या एकुलत्या एक धड खुर्चीत बसायची. अमेरिकेतून तिच्या लेकीचा, शिवकन्येचा फोन यायचा. येणाऱ्या फोनवर मला छदाम सुटत नसे, खुर्ची मात्र अडकून पडायची. वर मावशीला कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर लावावा लागे. सगळं स्टँड ऐकायचं.

ऐकण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. "जेवलीस का?" "जेवले, माय. तू?" "म्या बी." मग दोघी गप्प, आणि लाइनीची खरखर.

नवरा गेल्यावर मावशीने दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून पोरीला शिकवलं. पोरगी जालन्याला गेली, मग पुण्याला, मग थेट समुद्रापार. घरात मावशी एकटी. एकदा मला म्हणाली, "लेक गुणाची हाय, तातेराव. पण मला तिच्याशी बोलायलाच येईना. परकी होऊन राह्यली बघ."

लेक काय करते, हे तिला धड सांगता येत नसे. हवेचं काहीतरी, एवढंच माहीत. झालं! शिवकन्या हवामान खात्यात आहे असं गावाने ठरवून टाकलं, आणि पेरणीच्या तोंडावर लोक मावशीच्या दारात पाऊस विचारायला उभे. मावशी बिचारी आभाळाकडे बघायची.

एका रविवारी ती खरखर मला असह्य झाली. मी तोंड घातलं. "शिवकन्या, तू तिकडं करतीस काय, ते मायला एकदा नीट सांग. माझी खुर्ची तरी सत्कारणी लागू दे!"

ती हसली. थोडा विचार करून म्हणाली, "माय, तू माझी दृष्ट काढायचीस. मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्यावर जाळ कसा व्हायचा?"

"पिवळाधमक."

"तो पिवळा मिठातल्या सोडियमचा. आता ऐक. लई लांब एक तारा हाय. त्याच्याभोवती एक थोरला ग्रह फिरतो. तो दिसत न्हाई. पण ताऱ्याच्या समोरून जातो, तवा थोडा उजेड त्याच्या कडेच्या हवेतून आपल्याकडं येतो. त्या हवेत सोडियम असला, तर नेमका तोच पिवळा ती हवा गिळती. आपल्याकडं तेवढा पिवळा कमी पोचतो. ते कमी पडलेलं मी शोधते. आपली हवा मधी येऊ नये म्हणून दुर्बीण वर अंतराळात ठेवलीय."

"माणसं हायेत तिथं?"

"न्हाई गं. उभं राहायला जमीन बी न्हाई. नुसता तापलेला वायू."

"मंग एवढं मीठ ओवाळून दृष्ट काढली तरी कुणाची?" मावशी म्हणाली, आणि पलीकडे लेक खदखदून हसली. इतकी हसलेली मी तिला कधी ऐकली नव्हती.

पुढच्या रविवारी मी शटर उघडायच्या आत मावशी हजर. चुलीत मीठ टाकून बघितलं होतं. नंतर प्रश्नच प्रश्न. ग्रह किती मोठा, तिथे वारा सुटतो का, रात्र होते का. फोन लेकीच्या हातून सुटेना. पाऊस विचारायला आलेल्यांना मावशी सांगू लागली, "माझी लेक इथली हवा बघत न्हाई." मलासुद्धा खुर्चीचं काही वाटेनासं झालं.

त्या वर्षी शिवकन्या तीन वर्षांनंतर दिवाळीला घरी यायची होती. मावशीने घर सारवायला घेतलं होतं. तेवढ्यात फोन आला.

"माय, दुर्बिणीवर माझा ग्रह बघायचा वेळ मिळाला, पण तो नेमका दिवाळीत. मला पहिल्यांदाच मिळालाय. तू ये म्हण, मी सोडून येते. दुसरं कुणी बघंल."

मी हातवारे करून मावशीला खुणावत होतो, म्हण की ये! तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"पुन्हा कधी मिळंल?"

"काय माहीत. रांग मोठी हाय."

"मंग येऊ नको. तू बघ."

तिने फोन ठेवला. मग पदर तोंडाला लावून रडली.

"काही कळत नव्हतं तवा हट्टानं ये म्हणले असते, तातेराव. आता कोणत्या तोंडानं म्हणू?"